राखून ठेवलेलं नाव

५ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १.४०

आजपासून रोजनिशी. ही वही ऑफिसच्या कपाटात सापडली, आवक-जावकची, निम्मी कोरी. रोज लिहायचं म्हणजे रोज लिहायचं. मागच्या खेपेला चार दिवसांत थांबलो, पण तेव्हा पेन गळत होतं.

कारण मोठं आहे. काल चिमीचा फोन आला. एकुलती लेक, सहावा महिना संपत आलाय. म्हणाली, बाबा, बाळाचं नाव तुम्ही काढा. मी दोनदा विचारलं, मीच का. म्हणाली, हो, तुम्हीच. तीन अटी घातल्या. मुलगा असो की मुलगी, दोघांना चालावं, कारण काय होणार ते त्यांनी विचारलेलं नाही. दुसरी, शाळेत बाईंना हजेरीत वाचता यावं. तिसरी, आसपास दुसऱ्या कुणाचं नसावं. त्यांच्या मजल्यावर एकाच नावाची तीन पोरं आहेत, एकाला हाक मारली की तिघं धावतात. तेव्हा नाव सापडलं तरी बाहेर कुणाला बोलायचं नाही.

मला भरून आलं. हिला, म्हणजे बायकोला, मला सर्दी झाल्याचं सांगितलं.

दुसरी अट जरा टोचली, खोटं कशाला बोलू. चिमीचं कागदावरचं नाव मी ठेवलेलं. पाच अक्षरी, दोन जोडाक्षरं, अर्थ सांगायला बसलो तर अर्धा तास. ही तेव्हा दवाखान्यात होती, मी परस्पर फॉर्म भरून टाकला. शाळेत बाई त्या नावापाशी आल्या की नुसतं पुढची म्हणायच्या. कॉलेजात पोरीनं ते अर्ध्यावर कापलं, पुढे उरलेलंही गाळलं. लोकांना जीभ वळवायचा कंटाळा, त्याला नाव काय करणार. तरी आज तिनं मलाच विचारलं. म्हणजे इतक्या वर्षांनी तिला पटलं.

६ फेब्रुवारी. सकाळी १०.१०, खिडकी उघडायच्या आत

माझ्याइतका लायक माणूस ह्या कामाला दुसरा नाही. जन्मनोंदणी कार्यालय, खिडकी क्रमांक तीन, अठ्ठावीस वर्षं. शहरातल्या निम्म्या पोरांची नावं माझ्या बोटांखालून गेलीत. कॉम्प्युटर आल्यापासून डोळे चुरचुरतात, पाठीची तर बातच सोडा, पण अभ्यास म्हणाल तर आहे.

संकल्प. नाव सापडलं की तोंडातून ब्र काढायचा नाही. दोन नंबरच्या खिडकीवरच्या बाईंसमोर तर नाहीच. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

९ फेब्रुवारी. ११.२०

सर्व्हर बंद. बाहेर रांग तिष्ठत. मला सुचलं.

ज्ञेय.

जाणून घ्यावं असं, ते ज्ञेय. दोनच अक्षरं. मुलगा, मुलगी, दोघांना. सिस्टिम चालू झाल्यावर शोधलं तर चाळीस वर्षांत एकही नोंद नाही. शून्य बघून इतका आनंद कधी झाला नव्हता. टोकन सत्तावन्नच्या माणसानं काचेवर टकटक केलं, म्हणाला, हसताय काय, सर्व्हर आला का.

११ फेब्रुवारी, रविवार

चिमीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, गेय? म्हटलं, नाही, ज्ञेय. म्हणाली, ग्येय. म्हटलं, जीभ दातांमागे ने, द आणि न एकत्र, मग य. सात वेळा म्हणून घेतलं. सातव्या वेळी म्हणाली, बाबा, धाप लागतेय. ह्या दिवसांत लागायचीच. पण नाव आवडलं. म्हणाली, छान आहे, असं कुणाचं ऐकलं नाही. जावयाला ऐकवलं, तो मागून जेय म्हणाला. त्याचं सोडा.

चिमीनं पुन्हा बजावलं, हे आपल्या चौघांत. म्हटलं, राखून ठेवलंय समज, फक्त आपल्या बाळासाठी.

हिचं मत, उचकी लागल्यासारखं वाटतं. वर म्हणाली, पोरीनं भरवसा ठेवलाय, ह्या वेळी तरी घालवू नका. घालवायला काय झालंय.

१३ फेब्रुवारी. डबा खाऊन

दुसऱ्या अटीचा विचार केला. बाईंना वाचता यायला हवं. पण येईल की नाही हे चाचणी केल्याशिवाय कसं कळणार? तेव्हा शास्त्रीय पद्धत. एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत नुसतं नाव लिहिलं. खिडकीवर येईल त्याला काचेखालून सरकवायची, वाचून दाखवा म्हणायचं, कशासाठी ते सांगायचं नाही. ह्यात गुप्तता मोडत नाही. अनोळखी माणसं, आणि चिठ्ठी मी परत घेतोच.

पहिल्या दिवसाचा निकाल, माणसं चौदा. ग्येय पाच, जेय तीन, नेय दोन, ध्येय दोन (चष्मा विसरले होते). एकानं चिठ्ठीवर सही केली. एका बाईंनी अचूक म्हटलं, पण त्या दातांच्या डॉक्टर निघाल्या.

उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी ही जनता. आणखी माणसं तपासायला हवीत.

१६ फेब्रुवारी

नाव न ठरवता येणारे आईबाप किती असतात ह्याची बाहेर कुणाला कल्पना नाही. फॉर्मात नावाचा रकाना कोरा ठेवून येतात आणि खिडकीशी उभे राहून भांडतात. आज असंच एक जोडपं. मी चिठ्ठी सरकवली. त्यानं ग्येय वाचलं, तिनं नेय. मग अर्थ विचारला. विचारल्यावर सांगायला नको? सांगितला, जरा सविस्तर. मुलाचं की मुलीचं विचारलं. म्हटलं, दोघांना चालतं. ते बाजूला झाले, कुजबुजले, परत आले. रकान्यात ज्ञेय.

योगायोग म्हणायचा. मी सुचवलेलं नाही, फक्त वाचायला दिलं. आणि लिहून आणलेलं नाव नाकारायचा मला अधिकार नाही, नियम सात. शिवाय त्यांनी ज्ञ चुकीचा काढला होता, तो दुरुस्त करून दिला. एकानं काय होतंय.

२३ फेब्रुवारी

मधले दिवस राहिले. खुर्चीचं एक चाक निखळलं, कंबर धरली, त्यात लिहिणार कसं. चाकासाठी अर्ज दिलाय. मागचाही दिलेला आहे.

ह्या आठवड्यात आणखी तीन. तिघांनीही स्वतःहून घेतलं. मी फक्त अर्थ सांगितला, तोही विचारला म्हणून. चिठ्ठी सोमवारपासून बंद. चाचणी पुरेशी झाली.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

सोमवारी बंद करणारच होतो, पण रांगेत एक निवृत्त शिक्षिका दिसल्या, नातवाच्या दाखल्यासाठी. हजेरी घेणारं माणूस आपण होऊन दारात आलंय, ते सोडायचं? त्यांनी दोनदा अडखळून वाचलं. पुढची म्हणाल्या नाहीत, एवढं मला पुरे.

आता चिठ्ठी खरोखर बंद. आज वेगळं काम केलं. माझ्या खिडकीशेजारी भिंतीवर नमुना फॉर्म आहे, चौकटीत लावलेला, लोकांनी कसं भरायचं ते कळावं म्हणून. त्यातलं बाळाचं नाव बदला असं साहेबांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलंय, कारण लोक नमुना बघतात आणि सगळंच्या सगळं उतरवतात. नमुन्यात पत्ता आमच्या ऑफिसचा आहे. एकानं तोही उतरवला आणि त्याचा दाखला टपालानं आम्हालाच आला. साहेब म्हणाले होते, असं नाव टाका की कुणी घेणार नाही.

विचार केला. ज्याचा उच्चार चौदातल्या तेराजणांना येत नाही ते नाव कोण घेतं? शिवाय फॉर्मात ज्ञेय कसं दिसतं ते मलाही बघायचं होतं. सकाळी बदलून टाकलं. दोन वर्षं तुंबलेलं काम एकदाचं झालं. सुरेख दिसतं. जाता-येता नजर जाते.

८ मार्च, शुक्रवार

जनता म्हणजे पालथा घडा. नमुना बघून भरा ह्याचा अर्थ नमुनाच भरा असा होतो का? आठवड्यात नऊ ज्ञेय. एकानं जन्मतारीखसुद्धा नमुन्यातली टाकली, कागदोपत्री त्याचं बाळ सहा वर्षांचं झालं असतं. मी डोळ्यांत तेल घालून बसलोय म्हणून वाचलं. नावाला मात्र हात लावता येत नाही. नियम सात.

नमुना काढावा असं मनात आलं. पण तो लावायला सही लागत नाही, काढायला साहेबांची लागते, आणि साहेब ट्रेनिंगला.

१० मार्च, रविवार

चिमीचा फोन. खूप बोलली. इतकं ती माझ्याशी शाळेत असल्यापासून बोलली नव्हती. रोज संध्याकाळी पोटावर हात ठेवून बाळाला नावानं हाक मारते म्हणे, आणि हाक मारली की ते लाथ मारतं. जावई हाक मारतो तेव्हा ढिम्म. म्हटलं, त्याचा उच्चार चुकतो. हसली. मी कशी हाक मारायची ते परत करून दाखवलं. म्हणाली, बाबा, मी माझ्या पद्धतीनं मारते, त्याला चालतं.

खिडकीवरचं काही सांगितलं नाही. ह्या दिवसांत मनाला ताण नको.

मी खूश आहे. लिहून ठेवतो, कारण असं फारसं होत नाही.

१५ मार्च

एकोणीस. आता शंका उरली नाही, नाव फुटलंय. कुणीतरी आतून फोडलंय. संशयित: दोन नंबरच्या बाई (त्यांच्या खिडकीतून दुपारी दोनदा ज्ञेय ऐकू आलं, उच्चार भयंकर), बाहेरचा झेरॉक्सवाला, आणि जावई. जावयावर जास्त. त्याला कधी गप्प बसता आलेलं नाही.

पाळत ठेवायची.

१८ मार्च

पाळत ठेवली. झेरॉक्सवाल्याकडे सहज गेलो, गोल गोल फिरवून विचारलं, ज्ञेय असं नाव कधी ऐकलंय का. नाही म्हणाला. अर्थ विचारला. सांगितला. पुढच्या महिन्यात त्याच्या बहिणीला बाळ होणार आहे. त्यानं पाठकोऱ्या कागदावर नाव उतरवून घेतलं.

झेरॉक्सवाला निर्दोष.

२२ मार्च

साहेब आले. लेखी तक्रार दिली. विषय, कार्यालयातून नावाची गळती होत असल्याबाबत. दोन पानं. साहेबांनी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली. चौकशी करतो म्हणाले. ह्याला म्हणतात कारभार.

२ एप्रिल, मंगळवार

तिमाही यादी आली. शहरातली लोकप्रिय नावं, नोटीस बोर्डावर. ज्ञेय सहावं.

क्षणभर छाती फुगली, खोटं कशाला बोलू. शून्यावरून सहावं, तेही दोन महिन्यांत. ह्याला पारख लागते. मग चिमी आठवली आणि चहाचा कप खाली ठेवला.

नीट बघितलं तेव्हा जिवात जीव आला. नव्या सॉफ्टवेअरनं मिळतीजुळती नावं एकत्र मोजलीत. एकूण सत्तावीसांत ग्नेय आहेत, द्न्येय आहेत, न्येय आहेत, एक ज्ञेया आहे. ती सगळी वेगळी नावं धरायला हवीत. शुद्ध ज्ञेय अकराच. अकरा म्हणजे काहीच नाही.

५ एप्रिल

साहेबांची चौकशी एका दिवसात संपली. आत बोलावून कागद दाखवला. सत्तावीस नोंदी, त्यातल्या चोवीस खिडकी तीन. उरलेल्या तीन खिडकी दोन, मी जेवायला गेलो त्या वेळेतल्या. मग मला दंडाला धरून बाहेर नेलं, भिंतीवरच्या नमुन्यासमोर उभं केलं आणि आत निघून गेले. दोन नंबरच्या बाई खिडकीतून म्हणाल्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष घाईचा आहे. तीन नंबरला मुळात रांगच मोठी असते. ते कुणी बघत नाही.

नमुना बदलला. आता बाळाच्या नावाच्या जागी बाळाचे नाव एवढंच लिहिलंय. चार वाजेपर्यंत एकानं तेही उतरवलं.

७ एप्रिल, रविवार

आज चिमीला सांगायचंच. सकाळपासून वाक्यं जुळवत होतो. फोन लागला. मी सुरुवात करणार तेवढ्यात तिनं सांगितलं की बाळाच्या कपाटाच्या दारावर तिनं नाव रंगवलंय, पिवळ्या रंगात, ज्ञ काढायला एक तास लागला.

आवाज नीट येत नव्हता. पुढच्या रविवारी.

१४ एप्रिल, रविवार

तिच्याकडे पाहुणे.

२१ एप्रिल, रविवार

माझा घसा बसलाय. हिनं विचारलं, काही लपवताय का. म्हटलं, घसा. ही म्हणाली, घसा नाही, तोंड लपवताय. मग मी हिला सगळं सांगितलं. ही ऐकत गेली, भाजी निवडत गेली. शेवटी म्हणाली, सांगायचं असेल तर तुम्ही सांगा, मी मध्ये पडणार नाही, आणि उशीर कराल तितकं जड जाईल.

हिला प्रत्येक गोष्ट जडच वाटते.

२८ एप्रिल

सांगितलं तर काय होईल? त्रास. नाही सांगितलं तर? कळेलच असं नाही. शहर मोठं आहे. आकडेमोड केली. शाळा चोपन्न, ज्ञेय आता पस्तीस. म्हणजे शाळेला एकही पुरत नाही. एका वर्गात दोन यायचा प्रश्नच मिटला. दुपारी शांत झोप लागली, महिन्याभरात पहिल्यांदा.

१९ मे, रविवार. सकाळी ७.५०

मुलगी. दोघी ठीक. नाक माझ्यावर गेलंय. हिला पटत नाही, पण ही अजून नीट बघितलेलं नाही म्हणते.

२० मे. संध्याकाळी

दुपारी भेटायच्या वेळेत गेलो. चिमी उशीला टेकून बसली होती, मांडीवर बाळ, आणि त्याच्या कानाशी हळू आवाजात हाक मारत होती. तिच्या पद्धतीनं. उच्चार चुकीचा होता. मी दुरुस्त करणार होतो, केला नाही. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे.

तेवढ्यात नर्स आली. तिनं हाक ऐकली आणि म्हणाली, अरे वा, तुमचंही ज्ञेयच का. उच्चार इतका स्वच्छ की मला राहवलं नाही. म्हटलं, सिस्टर, असा ज्ञ मी फार दिवसांनी ऐकला. ती म्हणाली, सवय झालीय, लसीच्या दिवशी ज्ञेय पुकारलं की चार आया उठतात. नोंदणी ऑफिसात तीन नंबरला कुणी काका आहेत, ते म्हणे येणाऱ्या-जाणाऱ्याला चिठ्ठी देतात आणि अर्थ सांगत बसतात, तेव्हापासून हे सुरू झालंय.

चिमीनं माझ्याकडे पाहिलं. तीन नंबरला कोण बसतं ते तिला माहीत आहे. लहानपणी शाळा सुटली की माझ्या खुर्चीमागे बसून गृहपाठ करायची. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. थोडं हसली. मग बाळाकडे बघत म्हणाली, बाबा, तीन महिने मी हिला रोज हाक मारतेय. हिला एवढी एकच हाक ओळखीची आहे. आता मी हिला काय म्हणू?

मी म्हटलं, शुद्ध ज्ञेय फार थोडे आहेत, बाकीच्यांचं लिहायचं चुकलंय.

बोलायला नको होतं. बोलताना कळतही होतं. पण तोंडातून गेलं.

तिनं भिंतीकडे तोंड केलं. भेटायची वेळ संपायला वीस मिनिटं बाकी होती, ती मी खुर्चीत बसून काढली.

३ जून, सोमवार. दुपारी २

तिघं ऑफिसात आली. मी म्हटलं, आतल्या दारानं या, रांग कशाला. चिमी आली नाही. टोकन घेतलं, शेहेचाळीस, आणि बाकावर बसली. नंबर लागला तो माझ्याच खिडकीला.

फॉर्म सरकवला. आईच्या नावाच्या रकान्यात तिचं अख्खं नाव, कागदावर लिहावंच लागतं तसं, पाचही अक्षरं. मी ते न बघता टाइप केलं. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. म्हटलं, हे राहिलं का. म्हणाली, राहिलं नाही, नावाशिवाय नोंद करा, वर्षाची मुदत असते ना. असते. नियम नऊ. मी विचारलं, साधारण कधीपर्यंत. म्हणाली, ठरलं की कळवू. आम्ही लोकांना असंच सांगतो. मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सिस्टिमनं विचारलं, नाव रिकामे आहे, पुढे जायचे का. हो दाबलं.

सही करताना तिला हात मोकळे हवे होते. जावई झेरॉक्सला गेलेला. बाळ काचेच्या बाजूनं तिनं माझ्याकडे दिलं. जागं होतं, माझ्याकडे टक लावून बघत होतं. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि काय म्हणावं ते सुचेना. ए, म्हटलं. सही झाली, परत घेतलं.

मला फार वाईट वाटतंय. तिथं सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितो. मागे टोकन एक्कावन्नपर्यंत लोक उभे होते.

१७ जून, सोमवार

शुक्रवारी रजा होती, दाढ काढली. आज खिडकी उघडायच्या आत दोन नंबरच्या बाई म्हणाल्या, तुमच्या नातीचं नाव लागलं शुक्रवारी, छान आहे हो, सोपं. पुढे सांगणारच होत्या, मी हात वर करून थांबवलं. म्हटलं, चिमी स्वतः सांगणार आहे. त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

नोंद क्रमांक मला पाठ आहे. टाकला की दोन सेकंदांत समोर दिसेल. बघणार नाही. अठ्ठावीस वर्षं सगळ्यांची नावं त्यांच्या आजोबांच्या आधी मला कळली. हे एक तिच्या तोंडून ऐकायचं.

शुक्रवारच का निवडला ह्याचा विचार केला. माझ्या रजेचं हिनंच तिला सांगितलं असणार. म्हणजे दोघींचा मिळून मला सरप्राइज द्यायचा बेत आहे. तसं असेल तर मी घाई करता कामा नये.

१९ जून

हिला माहीत आहे. माझ्यासमोर नुसतं बाळ म्हणते. बाळानं आज दूध टाकलं, बाळ रात्रभर झोपलं. फोनवर मात्र स्वयंपाकघरात जाऊन बोलते आणि एका शब्दापाशी आवाज खाली आणते. काल तो शब्द ऐकू येईलसं वाटलं म्हणून मी नळ सोडला. बादली भरलेलीच होती.

२१ जून, शुक्रवार

साहेबांनी केबिनमधून हाक मारून अभिनंदन केलं. म्हणाले, नातीचं नाव फार आवडलं, निवडलंत छान. मी म्हटलं, हो, आम्हालाही आवडलं.

झेरॉक्सवालाही म्हणाला. जावयानं दाखल्याच्या प्रती त्याच्याकडेच काढल्या. म्हणजे ऑफिसात आता मी एकटा उरलो. आणि खुर्चीचं चाक आलं, पण दुसऱ्या मापाचं.

२३ जून, रविवार. संध्याकाळी ५.१५

आज सांगणार ह्याची खात्री होती. रविवार, तिला वेळ असतो. बाहेर गेलो नाही. दुपारी आडवाही झालो नाही, फोन शेजारच्या स्टुलावर घेऊन बसलो. नाव कुठलंही असो, उच्चाराबद्दल अवाक्षर काढायचं नाही, फक्त छान आहे म्हणायचं, असं ठरवून ठेवलं होतं. दोन-तीनदा म्हणून बघितलं, छान आहे.

चार चाळीसला वाजला. चिमीच. मी विचारलं, कशी आहेस. म्हणाली, बरी आहे. विचारलं, बाळ कसं आहे. म्हणाली, बरं आहे. मागे ते रडत होतं आणि जावई त्याला काहीतरी म्हणून गप्प करत होता, नीट ऐकू आलं नाही. मी थांबलो. तीही थांबली. मला वाटलं, आता सांगेल. मग म्हणाली, बाबा, आई आहे का?

आहे म्हटलं. फोन हिच्याकडे दिला.